लेह ते पोर्ट ब्लेअर किती टप्पे? दोन आडबाजूच्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ घरी बसून काढायची रीत

"बापू, लेहपासनं अंदमान किती लांब हाय रं?"

आक्काचा हा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. आक्का माझी थोरली बहीण, अपशिंग्यात दिलेली. तिचा थोरला सैन्यात, सध्या लेहला. धाकटा नेव्हीत, पोर्ट ब्लेअरला. धाकट्याला मुलगी झाली होती, बारसं तिकडंच करायचं ठरलं होतं आणि थोरला लेहवरून परस्पर तिकडं जाणार होता. आक्काला एवढंच हवं होतं की पोराला किती तास लागतील.

मी सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवर "फलाट क्रमांक चार" म्हणणारा माणूस म्हणजे मी. सगळी नोकरी दोनच प्रश्नांची उत्तरं देण्यात गेली, गाडी कधी सुटणार आणि कधी पोचणार. अंदाजे सांगायची सवय नाही. अंदाजे सांगितलं की खिडकीशी भांडण ठरलेलं. म्हणून आक्काला म्हटलं, उद्या सांगतो.

फोनवर शोधलं तर दोन ठिकाणी दोन आकडे. एकीकडं तीन हजाराच्या आत, दुसरीकडं सव्वातीन हजाराच्या घरात. दोन्ही बरोबर होते, पण हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तेव्हापासून ही रीत मी चार-पाच जणांना शिकवलीय. फार गणित लागत नाही. दहावीचा भूगोल आठवत असला तर उत्तम, नसला तरी चालेल.

सगळ्यात आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश वहीत लिहून घ्या. गावाचे घेऊ नका, विमानतळाचे घ्या. मोबाइलच्या नकाशात धावपट्टीवर बोट दाबून धरलं की दोन आकडे येतात. लेहचा कुशोक बकुला रिंपोछे विमानतळ ३४.१४ उत्तर, ७७.५५ पूर्व. पोर्ट ब्लेअरचा वीर सावरकर विमानतळ ११.६४ उत्तर, ९२.७३ पूर्व. शहराचं नाव २०२४ च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं, त्यामुळं शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

इथं मी पहिल्याच झटक्याला चुकलो. नातवाच्या नकाशाच्या पुस्तकात लेहचा अक्षांश ३४ अंश ८ मिनिटं असा दिला होता. मी तो ३४.०८ असा लिहिला. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नाही. आठ मिनिटं म्हणजे ८ भागिले ६०, म्हणजे ०.१३. खरा आकडा ३४.१३. ही चूक साधारण सहा किलोमीटरची झाली, म्हणजे एसटीच्या हिशोबात बरोबर एक टप्पा. आमच्याकडं सहा किलोमीटरचा टप्पा धरून भाडं लावतात. एका टप्प्यावरून मी कंडक्टरांना वह्या पुन्हा लिहायला लावल्यात, तर स्वतःला कसा सोडणार? मिनिटं ८ च्या ऐवजी ५० असती तर चूक सदतीस किलोमीटरवर गेली असती.

आता अंतर. पहिली रीत दोऱ्याची, आणि माझ्या मते सगळ्यांनी हीच आधी करावी, कारण हिच्यात पृथ्वी गोल आहे हे बोटांना कळतं.

नातवाचा पृथ्वीगोल घेतला. पिवळ्या प्लास्टिकच्या पायावरचा, थोडा चेपलेला. शिंप्याच्या टेपनं विषुववृत्तावरून त्याचा घेर मोजला, ६३ सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. ४०,००० ला ६३ नं भागलं की ६३५. म्हणजे या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे ६३५ किलोमीटर. तुमच्या गोलाचा घेर वेगळा असेल, तेव्हा तुमचा आकडा तुम्ही काढा, माझा उचलू नका.

मग दोऱ्याचं एक टोक लेहवर अंगठ्यानं दाबायचं आणि दुसरं पोर्ट ब्लेअरवर नेऊन ताणायचं. ताणलं की दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. तो गोलावरून सरकताना बघायला मिळतो, हीच मजा. पोर्ट ब्लेअरवर बॉलपेननं खूण करायची, दोरा पट्टीवर ठेवायचा. पहिल्यांदा मी घरातली लोकर घेतली होती. ती गोलावर ताणली गेली, पट्टीवर आली तशी आखडली आणि ४.२ सेंटिमीटर दाखवू लागली. म्हणजे २,६६७ किलोमीटर, पावणेतीनशेनं कमी. लोकर नको, रबराचं काही नको. गोधडी शिवायचा जाड दोरा घ्या. त्यानं ४.६ दाखवले. ४.६ गुणिले ६३५, म्हणजे २,९२१.

दुसरी रीत कागदावरची. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडं सुमारे १११ किलोमीटर. लेह आणि पोर्ट ब्लेअर यांच्या अक्षांशात फरक २२.५ अंश, म्हणजे दक्षिणोत्तर २,४९८ किलोमीटर. रेखांशाचं मात्र तसं नाही. रेखांशाच्या रेघा ध्रुवाकडं जवळ जवळ येत जातात, त्यामुळं पूर्व-पश्चिम अंश उत्तरेला गेलं की आखूड होतो. किती आखूड, ते अक्षांशाच्या कोसाइनवरून कळतं. दोन्ही अक्षांशांची सरासरी घ्या, इथं ती २३ आली. २३ चा कोसाइन ०.९२. रेखांशातला फरक १५.२, गुणिले १११, गुणिले ०.९२, म्हणजे १,५५२ किलोमीटर. पुढं काटकोन त्रिकोण. २,४९८ चा वर्ग, १,५५२ चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर २,९४१. दोरा आणि कागद यांच्यात वीस किलोमीटरचा फरक, मी खूश झालो.

तिसरी रीत मोबाइलच्या कॅल्क्युलेटरची, आणि नेमका आकडा हीच देते. मोबाइल आडवा धरला की साइन-कोसाइनची बटणं दिसतात. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. तो बाजूला लिहा, इथं ०.११३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा. तो ०.७८२. दोन्हींची बेरीज ०.८९६ च्या जरा खाली येते. तिचा उलटा कोसाइन (cos⁻¹ चं बटण) काढला की २६.४१ अंश. त्याला १११.२ नं गुणलं की २,९३७ किलोमीटर. मधले आकडे वहीसाठी असे तोडून लिहिलेत, कॅल्क्युलेटरवर सगळे दशांश तसेच राहू द्या. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना ते आधी बघा, रेडियनवर असेल तर भलतंच काहीतरी येतं आणि माणूस स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बसतो.

२,९३७ म्हणजे चारशे नव्वद टप्पे. एवढ्या टप्प्यांचं तिकीट माझ्या कारकिर्दीत कुणी फाडलं नाही.

कागदाची रीत एवढी सोपी आहे तर तिसरी कशाला, असं नातवानं विचारलं. त्याला मी उत्तरेकडची एक जोडी दिली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगयिअरब्येन नावाचं गाव आहे, त्याचा विमानतळ ७८.२५ उत्तर, १५.४६ पूर्व. अलास्काच्या पार उत्तर टोकाला उत्कियाग्विक, जुनं नाव बॅरो, ते ७१.२९ उत्तर, १५६.७७ पश्चिम. दोन्ही जगाच्या टोकाची. एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून रेखांशांची वजाबाकी नाही, बेरीज. १७२.२३. बेरीज १८० च्या वर गेली असती तर ती ३६० तून वजा करायची. कागदाच्या त्रिकोणानं त्याचं उत्तर आलं सुमारे ५,०८०. कॅल्क्युलेटरनं ३,३८०. पोरगं म्हणालं, आजोबा, तुमचं चुकलं. मी त्याच्या हातात दोरा दिला. दोरा ताणला तसा तो पूर्व-पश्चिम गेलाच नाही, सरळ उत्तर ध्रुवाच्या अंगावरून पलीकडं उतरला. ५.३ सेंटिमीटर. नंतर अर्धा तास तो नुसता ध्रुवावर दोरा फिरवत बसला होता.

तेव्हा भारतातल्या भारतात कागद चालतो. फार उत्तरेला, फार दक्षिणेला किंवा समुद्रापारच्या लांब जोडीला कागद वापरू नका. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून तर अजिबात मोजू नका.

विमानाची माणसं किलोमीटरमध्ये बोलत नाहीत, सागरी मैलात बोलतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटर. कुठं १,५८६ असा आकडा दिसला तर घाबरू नका, तो आपलाच २,९३७ आहे.

आता खरी गोष्ट, वेळ. इथं एसटीतली माणसं बाकीच्यांपेक्षा दोन पावलं पुढं असतात. सातारा-पुणे एकशेदहा किलोमीटर. सातारा-महाबळेश्वर त्याच्या जेमतेम निम्मं. पण मेढ्यावरून केळघर घाट चढणाऱ्या गाडीला जवळजवळ पुण्याएवढाच वेळ द्यावा लागतो. अंतराला वेगानं भागून वेळ निघत नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

विमानाचा घाट म्हणजे चढणं आणि उतरणं. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीचं विमान वर पोचलं की ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातं. पण जमिनीवर धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, परत रांगत येणं यात वेग कुठला? म्हणून माझा हिशोब असा, की अंतराला ८३० नं भागा आणि वर अर्धा तास टाका. दिल्लीसारखा गर्दीचा विमानतळ एका टोकाला असेल तर चाळीस मिनिटं टाका. २,९३७ भागिले ८३० म्हणजे तीन तास बत्तीस मिनिटं, वर अर्धा तास. चार तास धरा.

हा अर्धा तास मी का टाकतो ते सांगतो. तिकिटावर जी सुटायची वेळ असते ती विमान हवेत जायची नसते. ते जागेवरून हलायची असते. चाकाखालचा ठोकळा काढला तिथपासून दुसऱ्या गावी ठोकळा लावला तिथपर्यंतचा वेळ ते मोजतात, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. आमचे जुने ड्रायव्हर उतारावर गाडी लावली की क्लीनरला दगड लावायला सांगायचे, तसाच तो ठोकळा. दगड काढल्यापासून दगड लावेपर्यंत. लॉगशीटवर मीसुद्धा हीच वेळ टाकत होतो.

पण आक्काला मी चार तास सांगितलं ते घाई करून, आणि ते मला महागात पडलं.

कारण लेहहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. आणि दोरा ज्या वाटेनं जातो ती वाट बघितली का मी? बघितली ती फोन ठेवल्यावर. लेहहून निघाला की दोरा तिबेटच्या कोपऱ्यावरून जातो, मग पश्चिम नेपाळ, मग खाली येऊन रांचीच्या जवळ बरोबर निम्मी वाट, आणि तिथून बंगालचा उपसागर. आपलं प्रवासी विमान काही असं तिबेटवरून वळसा न घालता जाणार नाही. सरळ रेषा ही दोऱ्याची वाट, विमानाची नव्हे. आडबाजूच्या दोन विमानतळांच्या बाबतीत तर हे जवळजवळ नेहमीच खरं असतं. त्यांच्यामध्ये कुठलं तरी मोठं स्टँड येतंच, जसं पाटणहून वडूजला जायचं तर मध्ये कुठं तरी गाडी बदलावीच लागते.

म्हणून दुसरा तक्ता करायचा, तुकड्यांचा. लेह-दिल्ली ६२० किलोमीटर. दिल्ली-कोलकाता १,३१०. कोलकाता-पोर्ट ब्लेअर १,३०५. एकूण ३,२३५. फोनवर दिसलेला दुसरा आकडा हाच होता. सरळ रेषेपेक्षा तीनशे किलोमीटर जास्त, पन्नास टप्पे. पण खरी चोट अंतराची नाही. प्रत्येक तुकड्याला ते तीस-चाळीस मिनिटांचं ओझं पुन्हा लागतं. लेह-दिल्ली पंचेचाळीस मिनिटं अधिक चाळीस, म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं. दिल्ली-कोलकाता सव्वादोन तास. कोलकाता-पोर्ट ब्लेअर दोन तास दहा मिनिटं. पाच तास पन्नास मिनिटं नुसती विमानात. वर मधल्या विमानतळांवरचं थांबणं वेगळं.

विमान लहान असेल तर ८३० विसरा. आडबाजूच्या धावपट्ट्या आखूड असतात, तिथं पंख्याची एटीआर येते, ती ताशी पाचशेच्या आतबाहेर. लक्षद्वीपच्या अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटर. कोचीहून ते ४६८ किलोमीटर, पण एटीआरला दीड तास धरावा लागतो. एअरबसला एवढ्या वेळात दिल्ली-लेह झालं असतं, आणि ते दीडशे किलोमीटर जास्त आहे. तेव्हा कुठलं विमान आहे ते तिकिटावर बघा, मगच भागाकार करा.

मग वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. जेट प्रवाह म्हणतात त्याला. ताशी दीडशे किलोमीटर किंवा त्याहून जास्तसुद्धा असतो. दिल्लीहून कोलकात्याला जाताना हा पाठीमागून ढकलतो, परतताना तोंडावर येतो. १,३१० किलोमीटर ९८० च्या वेगानं एक तास वीस मिनिटं, ६८० च्या वेगानं एक तास छप्पन्न. कागदावर छत्तीस मिनिटांचा फरक पडला. केबिनसमोर बसणारे एक गृहस्थ मला पटवत होते की हा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो. तसं असतं तर उंच उडी मारून माणूस शेजारच्या गल्लीत उतरला असता. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेत विमानही. फरक पडतो तो त्या हवेच्या वर वाहणाऱ्या वाऱ्यानं.

लेहची आणखी एक तऱ्हा लक्षात ठेवा. विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळं विमानाला पूर्ण वजन घेऊन उठता येत नाही. चहूबाजूंनी डोंगर, आणि दुपारी वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच ये-जा करतात. सकाळ हुकली की दिवस हुकला. तुमच्या जोडीत असा एखादा विमानतळ असेल तर त्या तुकड्याला पुढचा आख्खा दिवस राखीव ठेवा. हे कुठल्याच गणितात दिसत नाही.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. लेह आणि पोर्ट ब्लेअरचं घड्याळ एकच, त्यामुळं पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली की काम झालं. सूर्य मात्र वेगळा. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, पंधरा अंशांना एक तास. धाकटा सकाळी आक्काला फोन करतो तेव्हा त्याच्याकडं कधीचं उजाडलेलं असतं. परदेशच्या जोडीत मात्र दोन्ही वेळा आधी एकाच घड्याळात आणा, मगच वजाबाकी. त्या ध्रुवाच्या जोडीत अलास्काचं घड्याळ दहा तास मागं आहे. लाँगयिअरब्येनहून दुपारी बारा वाजता विमान निघालं असं धरा. साडेचार तासांनी उत्कियाग्विकला उतरलं तर तिथं त्याच दिवसाचे सकाळचे साडेसहा. निघण्याआधीच पोचला. असला माणूस माझ्या खिडकीशी आला असता तर मी त्याला आधी चहा पाजला असता.

भाच्याचं काय झालं? पहिल्या दिवशी लेहला ढग होते, विमान रद्द. दुसऱ्या दिवसाची त्याची लॉगशीट मी त्याला विचारून माझ्या वहीत उतरवलीय.

लेह सुटलं सकाळी ७:४०, दिल्ली ९:०५.
दिल्ली सुटलं १३:२०, कोलकाता १५:३०.
रात्र कोलकात्यात, विमानतळाजवळच्या लॉजवर.
कोलकाता सुटलं पहाटे ५:५०, पोर्ट ब्लेअर ८:००.

विमानात पाच तास पंचेचाळीस मिनिटं. माझ्या हिशोबापेक्षा पाच मिनिटं कमी. बाराव्या दिवशीची सकाळ होती, पाळणा हलवायला तो वेळेत पोचला.

संध्याकाळी आक्काला मी वहीतून वाचून दाखवलं. लेहचा दगड काढल्यापासून पोर्ट ब्लेअरचा दगड लावेपर्यंत चोवीस तास वीस मिनिटं, आणि रद्द झालेला दिवस धरला तर दोन दिवस. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आन् मग बापू, त्ये चार तास कुठलं सांगिटलंवतंस तू?"